जपानच्या डोंगरगावातले जुने घर : वाचकांचे प्रश्न

या अंकातील सर्व प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. जपानच्या खेड्यांत जुनी घरे अत्यल्प किमतीला मिळतात, हे वाचून किंवा तिथे नोकरीला असलेल्या मुलांकडून ऐकून अनेकांनी पत्रे पाठवली आहेत. बातमी खरी आहे. जपानच्या २०२३ च्या गृहसर्वेक्षणात सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. हे प्रमाण एकूण घरांच्या १३.८ टक्के असून, त्यांपैकी ३८ लाखांहून अधिक घरे विक्रीला नाहीत, भाड्यासाठी उपलब्ध नाहीत आणि सुट्टीतही कोणी तिथे येत नाही. मुले शहरात गेली, मागे म्हातारी माणसे राहिली आणि त्यांच्यानंतर दाराला कुलूप लागले, ही हकिकत आजरा, चंदगड, शाहूवाडीकडच्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको. घर स्वस्त का आहे, याचे उत्तर त्या कुलपापाशी शोधावे लागते, आणि पुढील उत्तरांत माझा भर त्यावरच आहे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. आमची कन्या व जावई नागोयाजवळ नोकरी करतात. गिफू प्रांतातील एका डोंगराळ खेड्यात त्यांना सुमारे शंभर वर्षांपूर्वीचे लाकडी घर ३० लाख येनला मिळत आहे आणि तिथे कायमचे राहण्याचा त्यांचा विचार आहे. आमच्या बचतीतून काही रक्कम त्यांना द्यावी असे वाटते. घर सुरक्षित असेल का, कागदपत्रांत काय पाहावे आणि पैसे कसे पाठवावेत? — एक वाचक दांपत्य, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपली कन्या आणि जावई त्या घरात वर्षभर राहणार आहेत, ही सर्वांत जमेची बाजू आहे. बंद लाकडी घर फार लवकर खचते. जपानमध्ये जून-जुलैत पावसाळी हवा असते, त्या काळात दारे-खिडक्या उघडल्या गेल्या नाहीत तर ओल लाकडात मुरते आणि तिच्यामागोमाग वाळवी येते. म्हणून पहिला प्रश्न घर किती वर्षांचे आहे हा नसून ते किती वर्षे बंद आहे हा आहे. शंभर वर्षे जुने पण गेल्या वर्षापर्यंत वापरात असलेले घर हे चाळीस वर्षांपूर्वीच्या, पण दहा वर्षे बंद असलेल्या घरापेक्षा बहुधा चांगल्या स्थितीत असते.

बांधणीविषयी सांगायचे तर आपल्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हे घर अगदीच अनोळखी वाटणार नाही. खांब दगडी उथळ्यांवर नुसते टेकवलेले असतात, भिंती बांबूच्या कामट्यांच्या कुडावर माती आणि पेंढ्याचा लेप देऊन केलेल्या असतात, आणि वर जाड तुळयांवर कौलारू छप्पर असते. पाहणी छपरापासून सुरू करावी आणि पोटमाळ्यावर विजेरी घेऊन स्वतः चढावे, कारण खालच्या खोलीतील गळतीचे डाग रंगाखाली लपवता येतात, पण वाशांवरचे पाण्याचे ओघळ लपत नाहीत. त्यानंतर जमिनीच्या फळ्या उचलून खांबांचे पाय पाहावेत. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्याखालचे खांब सर्वांत आधी कुजतात. टोकदार सळईने टोचून पाहिल्यावर लाकूड दबले, तर तो खांब खालून बदलावा लागेल असे समजावे.

भूकंपाची आपल्याला वाटणारी काळजी रास्त आहे. १८९१ मध्ये याच गिफू भागात झालेला नोबी भूकंप हा जपानच्या मुख्य भूमीवरील ज्ञात भूकंपांपैकी सर्वांत मोठ्यांत गणला जातो. १ जानेवारी २०२४ रोजी नोटो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा कोसळलेल्या घरांत जुन्या लाकडी घरांची संख्या मोठी होती. अशा घरांत वर जड कौले असतात, खाली दर्शनी बाजूला भिंतीऐवजी सरकती दारे असतात आणि खांबांचे पाय बहुधा कमकुवत झालेले असतात, त्यामुळे हादरा बसला की वरचे वजन पेलायला खाली पुरेशी भिंतच नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जड छप्पर काय करते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जपानमध्ये १ जून १९८१ पासून भूकंपरोधक बांधकामाचे कडक निकष लागू झाले आणि २००० साली लाकडी घरांसाठी ते आणखी काटेकोर करण्यात आले. आपले घर या दोन्हींच्या आधीचे असल्यामुळे खरेदीचा करार होण्यापूर्वी त्याची भूकंपक्षमता तपासून घेणे मी अनिवार्य मानतो. १९८१ पूर्वीच्या लाकडी घरांसाठी अनेक नगरपालिका ही तपासणी विनामूल्य किंवा अनुदानावर करून देतात, तसेच मजबुतीकरणासाठीही अर्थसाहाय्य मिळते. मात्र काम सुरू करण्यापूर्वी अर्ज केलेला असावा लागतो.

आता कागदपत्रे. आपल्याकडे सातबाऱ्यावर मयत आजोबांचे नाव राहून वारस नोंद रखडते, तसेच तिथेही पिढ्यान्‌पिढ्या घडले आहे. म्हणूनच १ एप्रिल २०२४ पासून वारसाला मालमत्ता मिळाल्याचे समजल्यानंतर तीन वर्षांच्या आत नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक झाले. विकणाऱ्याचे नाव नोंदीवर आहे का आणि इतर वारसांची संमती आहे का, हे नोंदणीचे काम पाहणाऱ्या परवानाधारक विधी-लेखनिकाकडून तपासून घ्यावे. घराबरोबर शेतजमीन येत असेल तर तिच्या हस्तांतरणासाठी स्थानिक कृषी समितीची परवानगी लागते आणि खरेदीदार स्वतः ती कसणार आहे का, हे समिती पाहते. डोंगराळ भागात सीमांची मोजणी बरेचदा झालेलीच नसते, म्हणून शेजाऱ्यांना बरोबर घेऊन खुणा निश्चित कराव्यात. दलालाने करारापूर्वी जे लेखी स्पष्टीकरण देणे कायद्याने आवश्यक आहे, त्यात जागा दरड कोसळण्याच्या किंवा पुराच्या क्षेत्रात येते का, हे नमूद असते. २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी ज्यांच्या उंबऱ्याशी आले होते, त्यांना निळ्या आणि लाल पूररेषेचे महत्त्व माहीत आहे. तिथला धोक्याचा नकाशाही त्याच गांभीर्याने वाचावा. तीव्र धोक्याच्या दरडक्षेत्रातील घर मी फुकट मिळाले तरी घेऊ देणार नाही.

खर्चाचा हिशेब मांडताना ३० लाख येन हा केवळ आरंभ समजावा. ८० लाख येनपर्यंतच्या घरांसाठी दलाली जुलै २०२४ पासून करासह ३ लाख ३० हजार येनपर्यंत घेता येते. आपल्या घराच्या बाबतीत ती किमतीच्या अकरा टक्के होईल. नोंदणीचा खर्च वेगळा, आणि मालमत्ता-संपादन कराची मागणी खरेदीनंतर काही महिन्यांनी येते, ती विसरू नये. दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या कितीतरी पट होऊ शकतो. सांडपाण्याची टाकी जुन्या पद्धतीची असेल, म्हणजे फक्त शौचालयाचेच पाणी शुद्ध करणारी असेल, तर स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचे पाणीही शुद्ध करणारी नवी टाकी बसवावी, कारण जुन्या प्रकारच्या टाक्या नव्याने बसवण्यास २००१ पासून बंदी आहे. त्यासाठीही अनेक ठिकाणी अनुदान मिळते.

पैशांबाबत : रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली भारतातील प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. मुलीला दिलेली भेट आणि परदेशातील घरखरेदी हे दोन्ही या मर्यादेत येतात. अशा रकमेवर वर्षाला दहा लाख रुपयांच्या पुढील भागावर बँक वीस टक्के कर आगाऊ गोळा करते. आपण एकाच खात्यातून १८ लाख रुपये पाठवले, तर आठ लाखांवर १ लाख ६० हजार रुपये कापले जातील. विवरणपत्रात त्यांची वजावट किंवा परतावा मिळतो, पण तोवर ते अडकून पडतात. ही मर्यादा व्यक्तीगणिक असल्याने पती-पत्नींनी आपापल्या बचतीतून, आपापल्या पॅनवर नऊ-नऊ लाख पाठवणे हा सरळ आणि कायदेशीर मार्ग आहे. जपानमध्ये भेटीवर कर आहे आणि वर्षाला ११ लाख येनची मूळ सूट आहे. त्यापुढील रकमेला कर लागेल की नाही, हे आपल्या कन्येकडे वास्तव्याचा कोणता परवाना आहे यावर ठरते. तिने रक्कम स्वीकारण्यापूर्वीच तिथल्या करसल्लागाराचे मत घ्यावे. घराच्या नोंदीवर आपले नाव घालायचे असेल, तर ती मालमत्ता दरवर्षी भारतातील प्राप्तिकर विवरणपत्राच्या परकीय मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावी लागेल. ती न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यानुसार दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझे मत विचाराल तर नाव मुलीचेच असू द्यावे.

प्रश्न : माझा चुलतभाऊ जपानमध्ये जुने घर घेत आहे. मी इकडे बांधकामाची कामे घेतो. मातीच्या भिंती काढून विटा आणि सिमेंट वापरले आणि वर स्लॅब टाकला, तर घर कायमचे पक्के होणार नाही का? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : होणार नाही, उलट ते धोकादायक होईल. लाकडी सांगाडा हादऱ्यात थोडा हलतो आणि जोर जिरवतो. त्याला विटांच्या ताठ भिंती जोडल्या, तर दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने हलतात आणि जोडावर फुटतात. स्लॅबचे वजन त्या खांबांना पेलणारे नाही. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि आतले लाकूड नकळत कुजते. हीच चूक कोल्हापूर जिल्ह्यातील कित्येक वाड्यांत झाली आहे. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीचा गिलावा काढल्यावर आतल्या तुळईचा भुसा हाती आलेला मी पाहिला आहे, आणि त्यानंतर ती वास्तू उतरवण्यावाचून मार्ग उरला नाही, याची खंत आजही वाटते.

तिथले सुतार खांबाचा कुजलेला पाय कापून नव्या लाकडाचा तुकडा खाचेत खाच बसवून सांधतात. घर जॅकवर किंचित उचलून हे काम होते. मग ठरावीक जागी नव्या ताणपट्ट्या किंवा मजबूत भिंती देऊन, आणि शक्य असल्यास जड कौलांऐवजी हलके छप्पर घालून घर भूकंपाला तोंड देण्याजोगे केले जाते. भिंतींसाठी तिथे चुन्याचा गिलावा वापरतात. त्यात समुद्री शेवाळाचा चिकट रस आणि तागासारखे धागे मिसळतात. आपल्याकडे चुन्याच्या घाण्यात मळलेल्या चुन्यात गूळ आणि हिरडा घालत असत, हे आपल्या घरातील जुन्या गवंड्यांना विचारल्यास ते सांगतील. ज्याने असा चुना हाताळला आहे, त्याला तिथल्या गिलाव्याच्या कारागिराचे काम पाहताना भाषेची अडचण कमी भासेल.

एक कायदेशीर बाब भावाच्या कानावर घालावी. एप्रिल २०२५ पासून दुमजली लाकडी घराच्या छप्पर, भिंती, खांब, तुळया यांसारख्या मुख्य भागांपैकी एखाद्या भागाची अर्ध्याहून अधिक दुरुस्ती करायची असल्यास आधी बांधकाम परवानगी घ्यावी लागते. पूर्वी खेड्यांत ही कामे परवानगीविना होत. म्हणून नोंदणीकृत वास्तुविशारदाकडून आराखडा करून घेतल्याशिवाय हातोडा उचलू नये. कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी छप्पर, मग घराभोवतीचे पाणी वाहून जाण्याची सोय, मग खांबांचे पाय, आणि त्यानंतर थंडी अडवणारे अस्तर. या घरांची रचना उन्हाळ्यातील वारा खेळावा म्हणून झालेली आहे, त्यामुळे हिवाळ्यात ती अतिशय थंड असतात. संपूर्ण घर उबदार करण्याऐवजी पहिल्या वर्षी झोपण्याची आणि जेवणाची खोली एवढीच नीट अस्तर लावून बंदिस्त करावी.

प्रश्न : माझी कागलजवळ थोडी शेती व दुग्धव्यवसाय आहे. तो विकून जपानमध्ये घर घेतल्यास मला व पत्नीला तिथे राहता येईल का? मुलगा तिथे अभियंता आहे. — एक वाचक, कागल तालुका

उत्तर : केवळ घर घेतल्याने राहता येणार नाही. जपानमध्ये परदेशी व्यक्ती घर आणि त्याखालची जमीन स्वतःच्या नावावर घेऊ शकते, परंतु मालकीमुळे वास्तव्याचा हक्क मिळत नाही. आई-वडिलांसाठी कायम वास्तव्याचा सर्वसाधारण परवानाच तिथे नाही. मुलाकडे उच्च कुशल व्यावसायिकाचा परवाना असेल, त्याला सात वर्षांखालील मूल असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८० लाख येन किंवा अधिक असेल, तर त्या बालकाच्या संगोपनासाठी आई-वडिलांना बोलावता येते. अन्यथा अल्प मुदतीचा, एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवसांचा व्हिसा. तिथे स्वतःचा व्यवसाय चालवण्यासाठी जो व्यवसाय व्यवस्थापनाचा वास्तव्य परवाना असतो, त्यासाठी ऑक्टोबर २०२५ पासून तीन कोटी येनचे भांडवल लागते. शेती विकू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : माझी सून आणि मुलगा जपानच्या एका खेड्यात जुने घर घेऊन राहायला गेले आहेत. घर सुंदर झाले आहे, पण शेजारी फारसे बोलत नाहीत, असे सूनबाई सांगते. गावात मिसळायचे कसे? — एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या सूनबाईंना प्रथम एवढे सांगावे की शेजाऱ्यांचे मौन हा बहुधा नकार नसतो. ते वाट पाहत असतात. ज्या गावातून माणसे जातच राहिली आहेत, तिथे नवे कुटुंब आले की ते टिकेल का, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो, आणि त्याचे उत्तर बोलण्यापेक्षा कामातून मिळते.

राहायला गेल्यावर समोरच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरी लहानशी भेट, उदाहरणार्थ हातरुमाल किंवा धुण्याची पावडर, घेऊन जाऊन स्वतःची ओळख करून देण्याची तिथे रीत आहे. ती राहून गेली असेल, तर आताही जावे. दोघांनी बरोबर जावे. घरात दुरुस्तीचे काम चालू होणार असेल, तर त्याआधी आवाज आणि गाड्यांबद्दल सांगायला पुन्हा जावे.

त्यानंतर वस्तीच्या मंडळाचे सदस्य व्हावे. वर्गणी भरावी लागते, माहितीची फाईल घरोघर फिरते, ती वाचून सही करून पुढच्या घरी द्यायची असते, कचरा टाकण्याच्या जागेची स्वच्छता पाळीने करायची असते. कचरा कोणत्या दिवशी कोणता, कोणत्या पिशवीत आणि सकाळी किती वाजेपर्यंत ठेवायचा, याचे वेळापत्रक नगरपालिका देते. नव्या माणसाविषयीचे पहिले मत बहुतेक वेळा याच जागी तयार होते, म्हणून ते वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावे.

वर्षातून काही वेळा सकाळी लवकर सारे गाव रस्त्याकडेचे गवत कापायला आणि पाण्याचे पाट साफ करायला जमते. या दिवशी आपल्या मुलाने आणि सूनबाईंनी काहीही झाले तरी हजर राहावे. भातशेतीचे पाणी त्याच पाटांतून जाते, त्यामुळे एका घराने अंग काढले तर खालच्या शेताला त्रास होतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या आणि सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला पाणीपाळीची ही शिस्त कळायला वेळ लागू नये. शिराकावा-गो या गावात, ज्याची १९९५ मध्ये जागतिक वारशात नोंद झाली, गवताचे उंच छप्पर नव्याने शाकारायला परंपरेने अवघे गाव येते आणि ज्याच्या घरी लोक आले, तो पुढे त्यांच्या घरी जातो. आपल्याकडच्या पैऱ्याचीच ही रीत आहे. ज्यांनी हे ऋण फेडण्याची तयारी दाखवली, त्यांच्या घरावरचे बर्फ उतरवायला हिवाळ्यात माणसे आपणहून येतात. बर्फ उतरवण्याचे काम मात्र एकट्याने कधीही करू नये. छपरावरून पडून दर हिवाळ्यात तिथे माणसे, विशेषतः वृद्ध, दगावतात.

जुन्या मालकाचे सामान आणि घरातील पितरांचे देवघर अजून तिथे असेल, तर ते स्वतःहून हलवू किंवा टाकू नये. विकणाऱ्या कुटुंबाला विचारून गावातील बौद्ध मंदिराच्या पुरोहितांकडून विधी करून घ्यावा आणि मगच ते उतरवावे. घराच्या जागेत कबर असल्यास तिची साफसफाई चालू ठेवावी. या एका गोष्टीने गावातील ज्येष्ठांच्या मनात जी जागा मिळते, ती इतर कशाने मिळत नाही, असे मला वाटते.

प्रश्न : आम्ही माळकरी आहोत. लेकीच्या तिकडच्या खेड्यातील घरी तीन महिन्यांसाठी जाणार आहोत. सोबत मिक्सर आणि परसात लावायला भाजीचे बी न्यावे म्हणते. चालेल का? — एक वाचक भगिनी, हुपरी

उत्तर : मिक्सर नेऊ नये. आपली वीज २३० व्होल्टची आणि जपानची १०० व्होल्टची आहे, त्यामुळे दाब वाढवणाऱ्या जड ट्रान्सफॉर्मरशिवाय तो चालणार नाही, आणि जुन्या घरातील वायरिंग बदललेले नसेल तर तसा प्रयोग करूही नये. तिथलाच मिक्सर घ्यावा. खलबत्ता लेकीकडे नसेल तर तो मात्र न्यावा.

भोजनाबाबत सावध राहावे. तिथल्या सार, भाजी आणि नूडल्सच्या रश्शातही बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, आणि वरून तो दिसत नाही. शेजारी प्रेमाने काही घेऊन आले, तर ते नम्रपणे स्वीकारून आपण मासे खात नाही हे लेकीकडून सुरुवातीलाच समजावून सांगावे. समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या अळंब्यांचा रस वापरूनही तोच पदार्थ करता येतो, आणि अनेक गृहिणी तो आनंदाने करून देतात.

बी नेऊ नये. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बियाणे, ताजी फळे आणि भाज्या जपानमध्ये नेण्यास मनाई आहे आणि विमानतळावर ती काढून घेतली जातात. बियाणे व रोपे तिथल्या कृषी सहकारी संस्थेच्या दुकानात मिळतात. डोंगरातील गावांत मे महिन्याच्या आरंभापर्यंत हिमदव पडू शकते, म्हणून वांगी आणि मिरचीची रोपे शेजाऱ्यांनी आपली रोपे बाहेर लावल्यानंतरच लावावीत, आणि रानडुकरांसाठी कुंपण आधी घालून घ्यावे.